१७ सप्टेंबरला गावात नुसतं झेंडावंदन आणि पेढे, यापुढं काही करता येईल का?

गोदाकाठचा_गडी:

नमस्कार मंडळी,

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, नोकरीनिमित्त पुण्यात असतो पण महिन्या-दीड महिन्याला गावाकडं चक्कर असतेच. विषय आहे १७ सप्टेंबरचा, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा. आमच्याकडं काय होतं तर सकाळी शाळेत आणि ग्रामपंचायतीत झेंडावंदन, राष्ट्रगीत, सरपंच दोन शब्द बोलतात, लेकरांना पेढे, आणि तासाभरात ज्याचा त्याचा रस्ता. वाईट काही नाही त्यात, पण मनाला लागून राहतं.

मागच्या वर्षी मुद्दाम सुट्टी काढून गेलो होतो. झेंडावंदन झाल्यावर सातवीतलं एक पोरगं माझ्याजवळ आलं आणि म्हणलं, काका, स्वातंत्र्य तर पंधरा ऑगस्टलाच मिळालं ना, मग हे महिन्याभरानं परत कशाला? मी सांगायला गेलो आणि चार वाक्यांच्या पुढं मला सांगताच येईना. हैदराबादचा निजाम, रझाकार म्हणजे त्याच्या बाजूचे हत्यारबंद स्वयंसेवक, सरदार पटेल, पोलीस ॲक्शन म्हणजे हैदराबादवरची भारताची लष्करी कारवाई, संपलं. बाजूच्या ओट्यावर आमच्या भावकीतली एक आजी बसली होती, नव्वदीच्या आसपासची, ती पदर सावरत म्हणली, "लेकरा, तवा आपण हिंदुस्थानात होतोच कुठं? आपण निजामाच्या राज्यात होतो." पोरगं तिच्या तोंडाकडं बघतच राहिलं. मग तिनं सांगितलं की तिच्या बापानं ज्वारी पेवात, म्हणजे धान्याच्या जमिनीतल्या खड्ड्यात घातली, पेवाचं तोंड बुजवून वर शेणानं सारवलं आणि त्याच्यावर बैल बांधले, आणि पोरीबाळींना रात्री घरात झोपू देत नव्हते, ज्वारीच्या रानात गोणपाट अंथरून निजायचं, पाऊस आला तर तेच गोणपाट अंगावर. ती आजी यंदाच्या उन्हाळ्यात गेली. माझ्या खिशात मोबाईल होता आणि मी रेकॉर्ड केलं नाही, हे काही केल्या डोक्यातनं जाईना.

यंदा गणपती १४ सप्टेंबरला बसतात, म्हणजे १७ तारीख ऐन गणपतीत येते, महालक्ष्म्याही त्याच आठवड्यात, त्यामुळं पुण्या-मुंबईला गेलेली निम्मी पोरं गावात असतील. मंडळाची पोरं एक संध्याकाळ द्यायला तयार आहेत. पण काय करायचं यावर एकमत नाही. काही जण म्हणायलेत की बाईक रॅली काढू, डीजे लावू, रझाकाराचा पुतळा जाळू. गावात मुसलमानांची तीस-पस्तीस घरं आहेत, सगळे आमच्याच बरोबरीनं रानात राबणारे, एक-दोघं तर मंडळात वर्गणी गोळा करायला बरोबर असतात. पुतळ्याचं निघाल्यावर ती पोरं गप होऊन उठून गेली, मला ते बघवलं नाही.

तर मला विचारायचं असं की तुमच्या गावात, तालुक्याला काही वेगळं होतं का, आणि लेकरांना हे नीट समजावून सांगायचं तर सुरुवात कुठनं करायची? पैसा फार नाही, सगळं मिळून दहा-बारा हजारात बसवायचं आहे.

----

मास्तर_अंबाजोगाई:

बाळा, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आणि त्या पोरानं तुला विचारलं तोच प्रश्न मला दरवर्षी एक तरी पोरगं विचारायचंच. आपल्या पुस्तकात पंधरा ऑगस्टवर सगळा धडा आणि हैदराबादवर एखादं पान, मग लेकरांनी तरी काय करावं.

त्याला असं सांगायचं. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात, सोलापुरात तिरंगा लागला, पण बार्शीवरून तू येडशीकडं निघालास की वाटेत हद्द लागायची आणि पलीकडं तिरंगा लावणं गुन्हा होता. संस्थानात सोळा जिल्हे, आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. आपले पाच म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. दरबाराची भाषा उर्दू, शाळा-कॉलेजात उर्दू, नाणंसुद्धा वेगळं. निजामाचा तो हाली रुपया, इंग्रजांचा तो कलदार, आणि सात हाली दिले की साधारण सहा कलदार यायचे. जुन्या माणसांच्या तोंडात अजून "हाली का कलदार" असतं बघ. गावात कुणाच्या देवघरात, कुणाच्या गाठोड्यात एखादा हाली नक्की सापडंल, त्याच्यावर चारमिनार असतो. तो कार्यक्रमात पोरांच्या हातात फिरव. मी वर्गात फिरवायचो, पहिल्या बाकावरनं शेवटच्या बाकापर्यंत जाईस्तोवर तो पोरांच्या हातानं कोमट व्हायचा, आणि तेवढ्या वेळात वर्गात चिडीचूप. आपलं गाव दुसऱ्या राज्यात होतं हे त्यानंतर कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसरं, लढा म्हणजे नुसत्या बंदुका असं पोरांना वाटतं. आपल्या भागात लढा कसा चालला ते सांग. लढा चालवणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेआधीच बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोरांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला, त्यांना काढून टाकलं, त्यातली बरीच पोरं शिकायला नागपूरला गेली, पुढं पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यातलेच. ४७-४८ मध्ये लोक करोडगिरीचे नाके जाळायचे, म्हणजे हद्दीवरचे जकातीचे नाके, आणि शिंदीची झाडं तोडायचे. शिंदी कशाला? कारण शिंदी-ताडीच्या अबकारीवर सरकारचं मोठं उत्पन्न होतं, झाडच राहिलं नाही तर महसूल कुठनं येणार. लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायचं धान्य द्यायला नकार दिला, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरं जाळली. तुझ्या आजीच्या बापानं ज्वारी पेवात घातली ना, एका बाजूनं लेव्ही आणि दुसऱ्या बाजूनं रझाकार, त्या काळात धान्य वाचवायचं ते असंच.

लढ्याचे पुढारी म्हणून स्वामी रामानंद तीर्थांचं नाव सगळे घेतात पण ते मूळचे मास्तर होते हे सांगत नाहीत. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि मग आमच्या अंबाजोगाईची योगेश्वरी. पोरं शिकवता शिकवता त्यांनी माणसं उभी केली. आणि नांदेड जिल्ह्यातला आहेस तर स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे तुझेच. बिलोलीजवळ अर्जापूरला १९४६ मध्ये त्यांना गाठून मारलं, तिथं स्मारक आहे. कंधारकडं कल्हाळीची गढी आहे, तिथंही रझाकारांशी लढाई झाली. पोरांची एक सहल तिकडं काढ, एका टेम्पोत होईल, डीजेपेक्षा कमी पैशात होईल.

----

सीमावर्ती_लेक:

दादा, मास्तरांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त बायकांचं सांगते कारण ते कुणीच सांगत नाही.

माझं माहेर धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या बाजूला. आमच्या घरात ४८ सालच्या गोष्टी आजीकडून आल्या आणि तिच्या गोष्टीत एकही भाषण नव्हतं. भाकरी होत्या. हद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला कार्यकर्त्यांची शिबिरं होती, तशी तिकडं उमरखेडला वगैरे होती, आणि रात्रीचं जे कोणी येईल-जाईल त्याला भाकरी लागायच्या. आजी सांगायची की चूल रात्री पेटवायची नाही कारण धूर आणि उजेड दिसतो, म्हणून दिवसाच जास्तीच्या थापायच्या, आणि कुणी विचारलं की एवढ्या कशाला तर म्हणायचं रानात खुरपायला बाया आहेत. तिनं एकदा चिठ्ठी भाकरीच्या चवडीत दोन भाकरींच्या मधे ठेवून नेली होती. चिठ्ठीत काय होतं तिला माहीतच नव्हतं, तिला वाचता येत नव्हतं. तिला ना पेन्शन ना ताम्रपट, तिनं कधी मागितलाही नाही, घरात कुणाला सुचलं पण नाही की हे पण स्वातंत्र्यसैनिकाचंच काम झालं.

आशाताई वाघमारे, प्रतिभाताई वैशंपायन, बदनापूरकडच्या दगडाबाई शेळके ही नावं निदान बोर्डावर तरी लिहा. तुमच्या कार्यक्रमात जी पाच-सहा नावं स्वामीजींच्या शेजारी लागतात ती सगळी पुरुषांची असतात.

आणि रेकॉर्डिंगचं सांगते कारण मी गेल्या चार वर्षांत आमच्या आजूबाजूच्या गावातल्या अकरा जणांचं केलंय. त्यांना "लढ्याबद्दल सांगा" म्हणलं की ते अवघडतात, भाषण दिल्यासारखं सुरू करतात किंवा म्हणतात आम्हाला काय कळतंय, शिकलेल्यांना विचारा. त्यापेक्षा विचारायचं की तेव्हा घरात कोण कोण होतं, रात्री कुठं निजायचात, मीठ-तेल कुठनं यायचं, पहिल्यांदा विमान कधी बघितलं. विमानाचं विचारलं की हमखास बोलतात. एक आजोबा मला म्हणाले, आम्ही विमान बघून झाडाखाली पळालो आणि म्हातारे म्हणले पळू नका, हे आपलं हाय. एवढं बोलले आणि गप्प बसले, मग डोळे पुसले. दुपारची झोप झाल्यावर जायचं, सकाळी नाही, आणि सुनेला आधी सांगून ठेवायचं. आज जे ऐंशी-पंच्याऐंशीचे आहेत ते तेव्हा दोन-सात वर्षांचे होते, त्यांना थोडं आठवतं आणि थोडं ऐकलेलं असतं, दोन्ही लिहून घ्या पण कुठलं कुठलं ते शेजारी लिहा. ज्यांना खरं आठवतं ते आता नव्वदीचे. १७ तारखेपर्यंत थांबू नका, कार्यक्रम नंतर करा हवं तर, हे आधी.

----

जय_मराठवाडा_ग्रुप:

सगळं बरोबर आहे पण भाऊ, डीजे आणि रॅली नसेल तर पोरं येणारच नाहीत हे पण लक्षात घ्या. आम्ही तालुक्याला तीन वर्षं व्याख्यान ठेवलं, खुर्च्या रिकाम्या, पुढच्या रांगेत फक्त निवृत्त लोक. चौथ्या वर्षी रॅली काढली तर दोनशे गाड्या आल्या. १७ सप्टेंबर हा विजयाचा दिवस आहे, तो जोरात व्हायला पाहिजे, त्यात गैर काय? आणि रझाकारांनी जे केलं ते केलंच आहे, ते लपवायचं का? आमच्या चुलत पणजोबांना गावाच्या वेशीत मारलंय, आमच्या घरात आजही त्या दिवशी गोड करत नाहीत.

----

गोदाकाठचा_गडी:

भाऊ, तुमच्या पणजोबांचं वाचून गलबललं. लपवायचं अजिबात नाही, ते नावानिशी सांगितलंच पाहिजे, आणि पोरं यावीत असं मलाही वाटतं. माझा प्रश्न एवढाच की पुतळा जाळताना तिथं उभा असलेला आमच्या गावातला पोरगा, ज्याचा आजा तेव्हा पाळण्यात होता, तो कुठं बघणार? रॅलीला माझी ना नाही. पण त्या दोनशे गाड्यांतल्या किती पोरांना तुमच्या पणजोबांचं नाव माहीत झालं? रॅली त्या वेशीपाशी थांबली असती, तिथं त्यांचं नाव घेऊन दोन मिनिटं सगळ्यांनी इंजिन बंद केलं असतं तर कसं वाटलं असतं, एवढंच मनात आलं.

----

जय_मराठवाडा_ग्रुप:

हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. वेशीत आता बसस्टँड झालाय. घरात बोलतो यावर.

----

परभणीवाला_सय्यद:

अस्सलाम आणि रामराम सगळ्यांना. बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो.

आमच्या लहानपणी १७ सप्टेंबरला अब्बा आम्हाला घरातच थांबवायचे, शाळेतनं झेंडावंदन झालं की सरळ घरी या म्हणायचे. का ते सांगायचे नाहीत. मोठा झाल्यावर कळलं की आमचे दादा परभणीच्या बाजूला शिवणकाम करायचे, रझाकार वर्गणी आणि माणूस मागायला आले तेव्हा त्यांनी मुलगा दिला नाही म्हणून मार खाल्ला, आणि पोलीस ॲक्शननंतर पंधरा दिवस त्यांना एका पाटलांनी स्वतःच्या कडब्याच्या गंजीमागं लपवून ठेवलं. म्हणजे आधी एकांची भीती आणि नंतर दुसऱ्यांची. दादांनी ती शिलाई मशीन मरेपर्यंत सोडली नाही, आणि त्या पाटलांच्या घरचे कपडे फुकट शिवले, आता आमची तिसरी पिढी त्यांच्याकडं दिवाळीला जाते.

मला एवढंच म्हणायचंय की ही लढाई निजामाच्या एकाधिकारशाहीविरुद्ध आणि हिंदुस्थानात सामील होण्यासाठी होती, मुसलमानांविरुद्ध नव्हती, आणि याचा पुरावा म्हणजे ज्या मुसलमानांनी त्यात जीव दिला ते. शोएबुल्ला खान हे नाव तुमच्या बोर्डावर असू द्या. हैदराबादेत 'इमरोज' नावाचा उर्दू पेपर चालवायचे, विलीनीकरणाच्या बाजूनं उघड लिहायचे, रझाकारांना अंगावर घ्यायचे. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री काम आटपून घरी जाताना रस्त्यात गाठून गोळ्या घातल्या आणि ज्या हातानं लिहायचे तो हात तोडला. मुक्ती पुढं महिन्याभरावर होती. आणि तुमच्याच नांदेड जिल्ह्यात महसूल खात्यात अधिकारी असलेले फरीद मिर्झा, रझाकारांचा धुमाकूळ बघून त्यांनी निषेध म्हणून नोकरी सोडली. सरकारी नोकरीवर लाथ मारणं म्हणजे त्या काळात काय होतं ते विचार करा.

हे दोन फोटो, दोन नावं तुमच्या मंडपात लागली तर तुमच्या गावातली ती उठून गेलेली पोरं परत येतील, मला खात्री आहे. आणि ती आली तर त्यांना स्टेजवर बसवू नका, उगीच दाखवायला. कामाला लावा. खुर्च्या लावायला, माइक धरायला, आजोबांना घरनं गाडीवर आणायला.

----

सीमावर्ती_लेक:

सय्यदभाई, तुमच्या दादांचं पण रेकॉर्ड करून ठेवलंय का कुणी? तुमच्या अब्बांकडून तरी घ्या. गंजीची गोष्ट त्या पाटलांच्या घरच्यांना समोर बसवून घ्या, दोन्हीकडचं जुळतं का बघा.

----

दप्तर_चाळणारा:

मी इतिहासात एमए केलंय आणि या विषयावर गेली काही वर्षं कागद बघतोय, म्हणून दोन-तीन कामाच्या गोष्टी. जरा लांबेल.

नावं शोधायची असतील तर ऐकीव नावावर बोर्ड रंगवू नका. आमच्या भागात एका गावात असं झालं की पुढारी घराण्यातलं एक नाव बोर्डावर चढलं आणि जो माणूस खरोखर तुरुंगात गेला होता तो दुसऱ्या आळीतला, त्याचं नाव राहिलंच, त्यावरून भांडण झालं आणि तो बोर्ड आजही ग्रामपंचायतीच्या खोलीत उलटा करून ठेवलाय. तर आधी बघायचं ते हे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९७२-७३ च्या सुमाराला, देशभर तालुक्याच्या ठिकाणी दगडी स्तंभ उभे केले, त्यावर त्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरलेली असतात. तुमच्या पंचायत समितीच्या आवारात बहुतेक असेल, झाडीत किंवा स्कूटर स्टँडच्या मागं. त्यावर दरवर्षी ऑईलपेंटचा हात मारून मारून अक्षरं भरून गेलेली असतात. खरवडू नका, ॲसिड-बिसिड तर अजिबात नाही. रात्री अंधारात जा, टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून तिरपी धरा, म्हणजे खोलगट अक्षरांत सावली पडते आणि दिवसा न दिसणारं नाव उठून येतं. एकानं टॉर्च धरायची, एकानं फोटो काढायचे, टॉर्च चारी बाजूंनी फिरवून प्रत्येक ओळीचे चार फोटो. मग घरी बसून जुळवायचं.

त्यानंतर कलेक्टर कचेरीत स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची कामं बघणारा टेबल असतो, तिथल्या फायलींमध्ये अर्जाबरोबर सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं असतात, कोण कुठल्या शिबिरात होता, कुठल्या नाक्यावर गेला. साधा अर्ज द्या, सगळं लगेच दाखवतील असं नाही, पण विचारा. शिवाय अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यभर दोनशेच्या वर हुतात्मा स्मारकं बांधायचं काम निघालं, तुमच्या जवळपास एखादं असेल तर आत पाटी बघा. मी बघितलेल्या एका स्मारकात कडबा भरलेला होता आणि हुतात्म्यांच्या नावाच्या पाटीवर खिळा ठोकून दोरी बांधली होती. आम्ही सात जणांनी एका रविवारी ते मोकळं केलं, आणि ज्याचा कडबा होता तोच दुपारी आमच्यासाठी चहा घेऊन आला, त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की हे काय आहे.

आता सय्यदभाईंनी ज्याला हात घातला त्याबद्दल. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आत शिरल्या, सोलापूरकडून आलेल्यांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, १७ ला संध्याकाळी निजामानं शरणागती जाहीर केली. इथपर्यंत सगळे सांगतात. त्याच्या पुढच्या आठवड्यांत गावोगावी सूड उगवला गेला आणि त्यात बहुतेक मारले गेले ते मुसलमान, त्यातले कितीतरी जण रझाकार नव्हतेच. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं, त्यांच्या अहवालात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. तो अहवाल कित्येक वर्षं बाहेर आला नाही. मी हे अशासाठी लिहितोय की सातवीतल्या पोराला हे सगळं सांगायची गरज नाही, पण आयोजकाला माहीत पाहिजे. म्हणजे स्टेजवरनं कुठला शब्द जायला नको ते आपोआप कळतं. रझाकारांनी मारलेल्यांची नावं मोठ्यानं घ्या, आणि ज्या पाटलांनी, ज्या देशमुखांनी, ज्या मातंग-महार वस्तीनं शेजाऱ्याला लपवलं त्यांचीही घ्या. अशा गोष्टी जवळजवळ प्रत्येक गावात आहेत, मला आतापर्यंत असं गाव लागलं नाही जिथं एकही नाही.

----

पेडण्याचो:

नमस्कार, मी गोव्याहून. आमच्याकडे पण पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्य आलं नव्हतं, चौदा वर्षं उशिरा आलं, १९ डिसेंबर १९६१ ला. त्यामुळे तुमच्या त्या आजीचं वाक्य वाचलं आणि आमचे आजोबाच आठवले.

एक गोष्ट सांगतो, उपयोगी पडली तर बघा. पत्रादेवी आमच्या पेडणे तालुक्यात. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथल्या हद्दीवरून निःशस्त्र सत्याग्रही आत येत होते, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, त्यात पंजाबातून आलेले कर्नैलसिंग होते. कुठे पंजाब आणि कुठे पत्रादेवी. शाळेत असताना आम्हाला मास्तरांनी तिथे नेऊन त्याच जागी उभं केलं होतं आणि फक्त एवढं सांगितलं की तो इथे पडला, त्याचं गाव कुठे ते घरी जाऊन नकाशात शोधा. मी त्या रात्री नकाशात पंजाब बोटाने मोजत गेलो होतो. आज चाळिशी ओलांडली तरी ते बोट आठवतं. भाषणं एकही आठवत नाही. तुमच्या पोरांना पण त्या पेवापाशी, त्या वेशीपाशी नेऊन उभं करा.

----

मास्तर_अंबाजोगाई:

पेडण्याच्या भावा, तुझ्या मास्तरांना माझा नमस्कार सांग, हयात असतील तर.

गोदाकाठच्या बाळा, एक राहिलं. कार्यक्रमाची वेळ. महालक्ष्म्यांच्या आठवड्यात बायकांना संध्याकाळी उसंत नसते, नैवेद्य, हळदीकुंकू, पाहुणे. आणि तुला त्या सीमावर्ती लेकीचं म्हणणं खरं करायचं असेल तर बायका समोर बसल्या पाहिजेत. आरतीनंतर लगेच नको, जेवणं आटपल्यावर नऊला ठेव आणि तासाभरात संपव. नव्वदीच्या माणसाला त्याहून जास्त बसवू नको.

----

गोदाकाठचा_गडी:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार गावाकडं जाऊन आलो म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

मंडळाची बैठक झाली. मी काही बोलण्याआधी सय्यदभाईंचं आणि दप्तर चाळणाऱ्या दादांचं इथलं लिहिलेलं मोबाईलवरून वाचून दाखवलं. पुतळ्याचा विषय ज्यानं काढला होता त्यानंच म्हणलं की जाऊ द्या, तो नको. रॅली निघणार आहे, पण तालुक्याला नाही, आपल्याच शिवारातनं. पेव होतं ती जागा (आता तिथं आमच्या चुलत्याचा सोलरचा पंप आहे), ओढ्याकाठी जिथं शिंदीची झाडं तोडली म्हणतात ती जागा, आणि शेवटी मारुतीचा पार. प्रत्येक जागी एक पोरगं दोन मिनिटं बोलणार. सातवीतलं ते पोरगं, आता आठवीत गेलंय, पेवापाशी तेच बोलणार आहे, आजीच्याच शब्दांत. त्याला अजून सगळं पाठ आहे, माझ्यापेक्षा जास्त आठवतंय त्याला, गोणपाटाचा वाससुद्धा आजीनं सांगितला होता म्हणं, मी ते विसरलो होतो. त्याच्याकडूनच सगळं लिहून घेतलं.

हाली रुपया दोन घरांत सापडला. एक आमच्या सय्यद आळीत.

शनिवारी रात्री पंचायत समितीत गेलो, आवारातल्या वॉचमनकाकांना आधी सांगितलं होतं. स्तंभ आहे, बोअरच्या मागं, बुडापासून चार बोटं मातीत. पांढऱ्या पेंटचे इतके थर की दिवसा दगड गुळगुळीत दिसतो. टॉर्च तिरपी धरली आणि दादा खरं सांगतो, अंगावर काटा आला, ओळीच्या ओळी उठून आल्या. आमच्या गावची तीन नावं आहेत, त्यातलं एक आमच्या गावात कुणालाच माहीत नाही, आडनाव वाचता येतंय, पहिलं नाव नाही. पहिलं अक्षर "मा" दिसतंय, पुढचं "रो" का "धो" ते कळेना. मधल्या जागेत पेंट घट्ट बसलाय. ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, काही फरक नाही. रांगोळी चोळून बघू का?

----

दप्तर_चाळणारा:

रांगोळी नको, खडूही नको, भेगेत बसलं तर नंतर निघत नाही. टॉर्च डावीकडून जमिनीलगत धरून परत फोटो काढा आणि इथं टाका. आणि ते आडनाव ज्या आळीत आहे तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की त्यांच्यात ४८ च्या आधी गाव सोडून गेलेलं कुणी होतं का. शिबिरात गेलेली कितीतरी माणसं परत गावात राहायला आलीच नाहीत.

----

गोदाकाठचा_गडी:

त्या आडनावाचं एकच घर आहे, ओढ्यापलीकडं. उद्या सकाळी भावाला पाठवतो, फोन चालू ठेवून.